ट्रॉलीला तेल घालू नये

नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी मी एक अख्खी प्रजाती बुडवायला घेतली. हेतू चांगला होता आणि हातात तेलाची कुपी होती.

त्याआधी सहा वर्षं मी लिफ्ट दुरुस्त करायचे. त्या धंद्यात आवाज म्हणजे तक्रार. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली तर माणसं समजून घेतात, एकमेकांची चौकशी करतात, कधीकधी मैत्रीही होते. पण तीच लिफ्ट नुसती कुरकुरली की सगळे छताकडे बघायला लागतात आणि दुसऱ्या दिवशी कंपनीत फोन येतो. त्यामुळे कुरकुर ऐकली की माझा हात आपोआप तेलाकडे जातो. एकदा मैत्रिणीकडे जेवायला गेले होते. तिने ताटं मांडेपर्यंत मी तिच्या कपाटाची दोन्ही दारं उतरवून ठेवली होती. तिने परत कधी बोलावलं नाही. दारं मात्र अजून गुपचूप उघडतात म्हणे.

मग कंपनीच बंद पडली. बाबा म्हणाले, आमच्याकडे ये.

बाबा पक्ष्यांकडे कामाला होते. म्हणजे पगार माणसं द्यायची, पण साहेब कोण याबद्दल त्यांच्या मनात बावीस वर्षांत शंका आली नव्हती. गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी ते संवर्धन केंद्र आहे. तीन बैठ्या इमारती, एक पाण्याची टाकी, आणि ही सगळी खटपट एका पक्ष्यासाठी. पक्ष्याचं शास्त्रीय नाव इतकं लांब आहे की ते म्हणून होईपर्यंत तो उडून गेलेला असतो. आम्ही त्याला मातकऱ्या म्हणतो, कारण तो मातीच्या रंगाचा आहे. मुठीएवढा. शेपूट अशी की कुणीतरी घाईत लावली असावी. दिसायला बरा असता तर त्याची पोस्टरं निघाली असती. मातकऱ्याचा फोटो दाखवला की लोक विचारतात, यात पक्षी कुठाय?

जगात ते अठ्ठेचाळीस उरले होते. नऊ आमच्याकडे, बाकीचे वरच्या डोंगरात, आणि डोंगरातल्या आकड्याच्या आधी ‘बहुतेक’ म्हणायची पद्धत होती.

केंद्र चालवायच्या डॉक्टरीणबाई. त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नाही. फार मनाला लागलं की त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहतात, आणि त्यांची पाठ वाचायला बाबा शिकले होते. बाबा सहा महिन्यांत निवृत्त होणार होते, त्यांच्या जागी कुणीतरी तयार करायला हवं होतं, आणि बाईंची एकच अट होती: माणूस न बोलता काम करणारा हवा. बाबांनी सांगितलं, माझी मुलगी सहा वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात बसून काम करते, तिथे बोलणार कुणाशी? माझी मुलाखत तिथेच संपली.

पहिल्या दिवशी बाईंनी मला खरी अडचण समजावली. अडचण आकड्याची नव्हती, गाण्याची होती. डोंगरात मातकरे इतके कमी आणि इतके लांब लांब उरलेत की तरुण नराच्या कानावर म्हाताऱ्या नराचं गाणं पडतच नाही. मग तो जे मिळेल ते उचलतो: थोडं बुलबुलाचं, थोडं कुऱ्हाडीचं. मादी येते, ऐकते आणि निघून जाते. गाणं चुकलं की घरटं नाही, आणि घरटं नाही की पुढचं काहीच नाही. आदल्या वर्षी केंद्राने सात नर रेकॉर्डिंग ऐकवून वाढवले. आपण स्टेशनावरच्या सूचना जितक्या लक्ष देऊन ऐकतो तितक्याच लक्ष देऊन त्यांनी ते ऐकलं. शिकले काय, तर स्पीकर चालू होतानाचा ‘टिक्’. सातही जण डोंगरात सोडले. ते सात झाडांवर जाऊन बसले आणि म्हणाले, टिक्.

थोडक्यात, पिल्लू स्पीकरकडून शिकत नाही. समोरून कुणी गायलं, मान वळवून बघितलं, तरच शिकतं. आणि तेही दहा आठवड्यांचं होईपर्यंत. त्यानंतर गाण्यासाठीचा कान मिटतो तो कायमचा.

आमच्याकडे पूर्ण गाणं येणारा एकच नर होता. वय चौदा, एका डोळ्यावर ढग आलेला. त्याला सगळे आजोबा म्हणायचे. म्हाताऱ्याला दगदग नको म्हणून आजवर त्याला एकटं ठेवलं होतं; यंदा पहिल्यांदाच त्याच्या शेजारच्या जाळीत पाच पिल्लं ठेवली होती, सगळे नर, सहा आठवड्यांचे. म्हणजे एक मास्तर, पाच विद्यार्थी आणि हातात चार आठवडे.

कोठीच्या मागे एक बाक होता. तिथे बोलायला परवानगी होती. त्या दुपारी मी बाबांना विचारलं की समजा मातकऱ्या संपला, तर आपलं नेमकं काय अडतं? बाबांनी आधी पाहुण्यांना द्यायचं उत्तर दिलं. डोंगरावर एक काटेरी झाड आहे, त्याचं फळ फक्त मातकऱ्या अख्खं गिळतो, आणि त्याच्या पोटातून गेल्याशिवाय ते बी रुजत नाही. त्या झाडांच्या मुळांनी उतार धरून ठेवलाय, उतारात झरा आहे, झऱ्याचं पाणी टाकीत येतं, टाकीतून गावात. मी म्हटलं, म्हणजे आपल्या नळाची सुरुवात एका पक्ष्याच्या पोटात आहे म्हणायची. बाबा म्हणाले, मी चहा पीत असताना असलं बोलत जाऊ नकोस.

मग कप रिकामा करून त्यांनी दुसरं उत्तर दिलं, ते पाहुण्यांसाठी नव्हतं. “त्याला एक गोष्ट येते जी जगात आणखी कुणाला येत नाही. असल्याशी जपून वागावं की नाही, ठमे?”

ठमी म्हणजे मी. खरं नाव आहे, पण ते बाबा फक्त रागावल्यावर वापरतात.

पक्ष्यांच्या खोलीचे नियम कडक होते. कपडे बदलायचे, बूट औषधाच्या पाण्यात बुडवायचे, आणि आत एक शब्दही बोलायचा नाही, नाहीतर पिल्लं आपलंच बोलणं उचलतील. सगळं हातवाऱ्यांनी. रोगराईच्या भीतीने आत बाबांखेरीज सहसा कुणी जातच नसे. बाबा त्या शांततेत पाण्यातल्या माशासारखे असायचे. घरी मात्र त्यांचं ‘हं’ आणि ‘बरं’ यापलीकडे बोलणं नसायचं, आई त्यांच्याशी ओरडूनच बोलायची, आणि टीव्ही इतका मोठा लागायचा की शेजाऱ्यांनी आपला विकून टाकला होता. तीस वर्षांचा संसार असाच वाजत असेल, असं मी धरून चालले होते.

पहाटे बाबा खाण्याची ट्रॉली घेऊन आत जायचे. फळं, अळ्या, उकडलेलं अंडं बारीक करून. त्यांचा डावा गुडघा दुखरा, म्हणून दोन छोटी पावलं टाकायची आणि जरा थांबायचं. ट्रॉलीचं पुढचं चाक त्यांच्याबरोबर बोलायचं. कुईं-की. थांबा. कुईं-की. पहिल्या दिवशी ते ऐकून माझे दात शिवशिवले. आपल्या वडिलांनी इतके दिवस हे कसं सहन केलं असेल, या विचाराने मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या आधी पोचले आणि तेल घातलं. ट्रॉलीची चार चाकं, दाराच्या दोन बिजागऱ्या, खिडकीची कडी. ट्रॉली लोण्यावरून गेल्यासारखी चालायला लागली. बाबांनी तिचा दांडा धरला, थबकले, हात सोडून आपल्या तळव्याकडे बघितलं, तळवा पँटला पुसला आणि परत दांडा धरला. मला वाटलं, लेकीचं कौतुक वाटतंय.

त्या दिवशी आजोबा गायले नाहीत.

खोलीच्या वहीत रोजच्या पानावर तीन रकाने होते: ‘खाल्लं’, ‘गायला’, ‘वजन’. ‘गायला’खाली बाबांची बरोबरची खूण रोज असायची. त्या दिवशी फुली आली. दुसऱ्या दिवशी फुली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. आजोबांची विष्ठा तपासली, रक्त तपासलं, फळं बदलली, दिवा बदलला, बसायची फांदी बदलून परत जुनी आणली. आजोबा खात होते, वजन ठीक होतं, फक्त अंग फुगवून कोपऱ्यात बसून होते. ज्याचा रोजचा पेपर बंद झालाय अशा माणसासारखे.

मास्तर गप्प बसले म्हणून वर्ग थांबत नाही. पिल्लांनी जे कानावर पडेल ते शिकायला घेतलं. एकाने टाकी भरण्याचा बुडबुड आवाज उचलला. एकाने गळक्या नळाची टपटप इतकी हुबेहूब काढली की मी दोनदा पाना घेऊन धावले. पिल्लं सात आठवड्यांची झाली.

नवी गोष्ट काय घडली याचा हिशोब लावायला फार हुशारी लागत नव्हती. नवी गोष्ट मी होते. बाईंनी मला खोलीबाहेर काढलं, आणि नुसती बसून राहू नये म्हणून गेल्या चार-पाच वर्षांची रेकॉर्डिंगं ऐकायला दिली. आजोबा याआधी कधी असे गप्प झाले होते का, ते शोधायचं होतं. खोलीतलं यंत्र रोज पहाटे आपोआप चालू व्हायचं, आणि ते सगळं आजवर कुणी सलग ऐकलंच नव्हतं.

मी चार दिवस कानाला हेडफोन लावून बाकावर बसले. सगळ्यात जुन्या फायलींत दोन नर होते. आजोबा आणि दुसरा एक. तो एक ओळ गायचा, आजोबा त्याला पुरून उरायचे, तो परत डिवचायचा. चार वर्षांपूर्वी तो दुसरा गेला. त्यानंतर एकोणीस दिवस नुसती शांतता, आणि वहीत एकोणीस फुल्या. विसाव्या दिवशी बरोबरची खूण, आणि शेजारी बाबांच्या अक्षरात: ‘आज सावरला.’

मी विसाव्या दिवसाचं रेकॉर्डिंग लावलं. दार उघडलं. बूट पाण्यात बुडाले. मग कुईं-की. थांबा. कुईं-की. आणि लगेच आजोबा, गळा फाडून.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तेच. महिन्याने तेच. चार वर्षं, रोज, आधी चाक आणि दोन सेकंदांत आजोबा. दुरुस्तीच्या वहीत पाहिलं तर त्या विसाव्या दिवशीच नोंद होती: ट्रॉलीचं पुढचं चाक बदललं.

आजोबा चार वर्षं ट्रॉलीशी भांडत होते. त्यांच्या हिशोबाने दुसरा नर गेलाच नव्हता, जरा आवाज बसून परत आला होता. रोज पहाटे तो निर्लज्ज प्राणी त्यांच्या हद्दीत घुसायचा, आजोबा त्याला गाण्याने हुसकून लावायचे, आणि पाच मिनिटांत तो खरोखरच निघून जायचा. चार वर्षांत एकदाही हरले नव्हते. आणि मी एका सकाळी तेलाच्या कुपीने त्यांचा एकुलता एक शत्रू मारून टाकला होता.

बाबा बाकावर फळं निवडत होते. मी विचारलं, ट्रॉली एवढी कुरकुरायची, तुम्हाला कधी खटकलं नाही? त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, म्हणजे नेमकं माझ्या ओठांकडे, आणि म्हणाले, “कुठली? ती ट्रॉली कधी वाजली नाही. चांगली आहे.”

मी उठून टाकीकडे तोंड केलं आणि त्याच आवाजात विचारलं, चहा आणू का? पाठीमागून उत्तर आलं नाही. वळून पाहिलं तर बाबा फळं निवडत होते. बावीस वर्षांत या माणसाने चहाला नाही म्हटलेलं नव्हतं.

मी ते कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, त्यांना न दुखवता निभावून नेऊ. बाईंकडे गेले आणि फक्त ट्रॉलीचं सांगितलं. त्या भिंतीकडे तोंड करून मिनिटभर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “वाजव तिला,” आणि सकाळची ट्रॉली माझ्याकडे सोपवून मला परत खोलीत सोडलं.

घातलेलं तेल काढणं हे किती अवघड काम आहे, हे लिफ्टच्या धंद्यात कुणी शिकवत नाही. मी चाक रॉकेलमध्ये बुडवलं, साबणाने घासलं, उन्हात वाळवलं, वाळू लावली. पहिल्या दिवशी ते असं किंचाळलं की आजोबा पाण्याच्या भांड्याआड लपले. दुसऱ्या दिवशी आवाज इतका जाड आला की त्यांनी डोळे मिटून घेतले. चौथ्या दिवशी सूर बराच जवळ आला. आजोबा पुढच्या फांदीवर आले, मान तिरकी करून त्यांनी चाकाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पाठ फिरवली. सूर त्याच्यासारखा होता, चाल त्याची नव्हती. मी बाबांसारखं लंगडत ट्रॉली ढकलून पाहिली. पाच पिल्लांनी ते मोठ्या रसाने पाहिलं. आजोबांनी नाही.

नऊ दिवस उरले. चाल बाबांच्या गुडघ्यात होती, त्यामुळे बाबांना सांगण्यावाचून इलाज नव्हता.

मी त्यांच्या समोर बसले, ओठ नीट दिसतील अशी. “बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही.”

त्यांनी हातातलं फळ चुकीच्या वाडग्यात टाकलं. मग ते काढून बरोबर वाडग्यात टाकलं.

“बारीक आवाज येत नाहीत,” ते म्हणाले. “जाड येतात. टाकी येते. तू समोर असलीस की येतेस बऱ्यापैकी. तुझी आई तर फारच येते.”

“कधीपासून?”

“दुसरा गेला त्याच्या आधीपासून थोडं थोडं.”

मग वहीत रोज खूण कशी करता, असं मी विचारलं. त्यांनी आपल्या गळ्यावर बोट ठेवलं. “इथे हलतं त्याचं. पिसं थरथरतात. सूर चढला की मान लांब होते, शेवटी शेपूट एकदा खाली. आधी ऐकलेलं आहे मी, ते आत आहे. बघितलं की आत वाजतं.” मग म्हणाले, गाणाऱ्या पक्ष्यांकडे बहिरा माणूस कोण ठेवेल? कळलं असतं तर मला गोदामात पाठवलं असतं. आणि तो तिथे एकटाच उरला होता. “तुझ्या आईला सांगू नकोस.”

“आईला माहीत आहे. चार वर्षं ती तुमच्याशी ओरडून बोलतेय.”

“मला वाटलं, चिडलीय.”

“तेही आहे.”

मग मी तेलाचं सांगितलं. चाक, दुसरा नर, आजोबांची रोजची लढाई, सगळं. मला वाटलं, आता ते माझं खरं नाव घेणार. पण ते आपल्या तळव्याकडे बघत बसले.

“म्हणून गाडी हाताला मेली होती,” ते म्हणाले. “रोज दांड्यातून बारीक मुंग्या यायच्या. त्या दिवशी धरली तर काहीच नाही. मला वाटलं, कानांपाठोपाठ आता हातही चालले.”

पंधरा दिवस ते ही भीती एकट्याने घेऊन फिरत होते आणि मी त्याला कौतुक समजले होते.

ते दोन दिवस आम्ही कोठीत काढले. मी एका कानात जुनं रेकॉर्डिंग लावून चाकापाशी आडवी, बाबा डोळे मिटून दांडा धरून उभे. मी आसाला रात्रभर मिठाचं पाणी लावून ठेवलं, गंज चढवला, नट पाव फेरा आवळला, अर्धा फेरा सैल केला. मी त्यांच्या पायावर थाप मारायचे, म्हणजे जमलं. बाबा नाही म्हणून मान हलवायचे. हे मनगटात लागतंय, ते अंगठ्याच्या मुळाशी लागायचं. परत पाव फेरा. सूर माझ्या कानात होता, पण त्याची धार त्यांच्या हातात होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दोन पावलं टाकली, थांबले, आणि आम्ही दोघं एकाच वेळी म्हणालो, “हं.”

पुढच्या पहाटे ट्रॉली परत बाबांकडे होती, आणि मीही त्यांच्याबरोबर आत गेले. मी दाराशी भिंतीला चिकटून उभी राहिले. बाबांनी बूट बुडवले आणि ट्रॉली आत घेतली. कुईं-की. थांबा.

आजोबांची मान वर आली.

कुईं-की.

ते कोपऱ्यातून थेट पुढच्या फांदीवर आले, पिसं अंगाला चापून बसवली आणि गायले. मी रेकॉर्डिंगवर ते हजारदा ऐकलं होतं, पण यंत्रात ते मावलेलंच नव्हतं. पाण्यातून बारीक तार ओढावी तसं काहीतरी तीन पायऱ्या चढून गेलं, वर जाऊन थरथरलं, खाली सांडलं, आणि शेवटी एक छोटासा प्रश्न विचारून थांबलं. शेजारच्या जाळीत नळाची टपटप करणारं पिल्लू अर्ध्या थेंबावर गप्प झालं. पाचही जण आजोबांच्या बाजूच्या जाळीला येऊन चिकटले.

बाबा आजोबांच्या गळ्याकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघून भुवया वर केल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदाच ते कुणाला तरी विचारत होते. मी दोन्ही हात पसरून खूण केली: पूर्ण.

पुढचा आठवडा बाबांनी दिवसातून सहा वेळा ट्रॉली फिरवली. तिच्यावर खायला काही नसायचं, नुसती भांडणाला न्यायची. संध्याकाळी त्यांचा गुडघा सुजायचा, आणि आई त्याला शेक देताना इतक्या प्रेमाने ओरडायची की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. दहा आठवडे भरले तेव्हा चार पिल्लं अडखळत का होईना, शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचत होती.

पाचवं ट्रॉली शिकलं. कुईं-की, मधे गुडघ्याचा थांबा, परत कुईं-की. अगदी चोख. डॉक्टरीणबाईंनी ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते. त्या हसल्या असं आमचं म्हणणं आहे, पण पुरावा नाही. त्याला डोंगरात सोडता येणार नव्हतं. पण बाबांच्या निवृत्तीनंतर आजोबांशी भांडायला कुणीतरी लागणारच होतं, म्हणून तो केंद्रात राहिला, आणि बाईंनी त्याच्या पिंजऱ्यावरच्या कागदावर कामाच्या जागी लिहिलं: ‘ट्रॉली’.

चौघांना वरच्या डोंगरात सोडलं. तिथले लोक आता काटेरी झाडं तोडत नाहीत. डोंगरावरचा आमचा रखवालदार त्यांच्या घरी जाऊन नळाची गोष्ट सांगून आला होता. पोटाचा भाग त्याने गाळला असावा. महिन्याभराने त्याचा निरोप आला की चौघांपैकी एकाशेजारी एक मादी बसते आणि तिच्या तोंडात काड्या आहेत. बहुतेक.

कानांचं बाबांनी स्वतःच बाईंना सांगितलं, बूट काढून, समोर उभं राहून. बाई म्हणाल्या, “काका, मला दोन वर्षांपासून माहीत आहे. आत कुणी बोलतच नाही म्हटल्यावर तुम्हाला ऐकायचं काय होतं?” आणि त्यांनी कानाच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला.

कानातलं मशीन यायला दोन महिने लागले. ते लावून बाबा पहिल्यांदा खोलीत गेले ती त्यांच्या निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यातली पहाट होती. त्यांनी ट्रॉली पुढे ढकलली. कुईं-की. ते जागच्या जागी थिजले. ट्रॉली तशीच सोडून माझं मनगट धरलं आणि मला थेट बाकापर्यंत ओढत आणलं.

“हे असं वाजत होतं? चार वर्षं? शी. आणि तू लिफ्ट दुरुस्त करणारी ना, तुला यात थेंबभर तेल घालावंसं वाटलं नाही?”

मी म्हटलं, वाटलं होतं.

आम्ही परत आत गेलो. परत बूट बुडवले. बाबांनी दांडा धरला, दोन पावलं, थांबा, दोन पावलं. आजोबा पुढच्या फांदीवर आले. या वेळी बाबांनी त्यांच्या गळ्याकडे बघितलं नाही. डोळे मिटून, दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभे राहिले, आणि गाणं संपल्यावरही कितीतरी वेळ तसेच. पाचवा त्याच्या जाळीतून मधेच कुईं-की म्हणाला. आजोबांनी त्यालाही सुनावलं. बाबांनी तेही ऐकून घेतलं.

मग त्यांनी वही उघडली आणि ‘गायला’च्या रकान्यात बरोबरची खूण केली. तिच्या शेजारी एक शब्द लिहिला: ‘ऐकलं’. रकाना अरुंद आहे, त्यामुळे शेवटचं अक्षर पुढच्या रकान्यात गेलं. महिनाअखेरीला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आजोबांच्या वजनाच्या जागी हे ‘लं’ काय आहे?

मी म्हटलं, राहू द्या.